टेक्सासमधील सरकारी शाळांची श्रेणी नेमकी कशी काढतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांत स्थलांतर करणाऱ्या एका कुटुंबाची मुलगी चौथीत जाणार आहे. त्यांनी दोन घरे निवडून ठेवली आहेत. पहिल्या घराच्या शाळेला घरे शोधण्याच्या संकेतस्थळावर दहापैकी ८ गुण आहेत, पण राज्याच्या शिक्षण खात्याची श्रेणी ‘बी’ आहे. दुसऱ्या घराच्या शाळेला दहापैकी ५ गुण आहेत, पण खात्याची श्रेणी मात्र ‘ए’ आहे. एकाच शाळेबद्दल दोन ठिकाणी इतके वेगळे मत कसे, आणि विश्वास कोणावर ठेवायचा, असे त्यांनी विचारले आहे.

मी टेक्सासमधील एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, मूल्यमापन विभागात बरीच वर्षे काम करतो आणि हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात, विशेषतः नव्याने येणाऱ्या भारतीय पालकांकडून, हमखास ऐकावा लागतो. दोन्ही आकडे हिशेबाला बरोबर असू शकतात. फरक आहे तो कोणती गोष्ट मोजली आणि तिला किती वजन दिले यात. म्हणून उत्तर देण्यापूर्वी हिशेब उलगडून दाखवणे भाग आहे.

अमेरिकेत शाळांना श्रेणी देण्याचे एकच राष्ट्रीय सूत्र नाही. २०१५ च्या संघीय शिक्षण कायद्याने प्रत्येक राज्यावर काही बंधने घातली. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन व गणिताची परीक्षा घ्यावी, निकाल विद्यार्थी-गटांनुसार जाहीर करावेत आणि सर्वांत मागे असलेल्या शाळा शोधून त्यांना मदत द्यावी, ही त्यांतील मुख्य. पण या सगळ्याची बेरीज कशी करायची हे राज्यांवर सोडले. कॅलिफोर्निया एकच अक्षर देत नाही. तिथे प्रत्येक निकषाला निळ्यापासून लालपर्यंत पाच रंगांपैकी एक मिळतो. टेक्सास मात्र २०१७ च्या कायद्यानुसार ए, बी, सी, डी, एफ अशी अक्षरे देते. शाळांना ही अक्षरे प्रथम २०१९ मध्ये मिळाली. त्यामुळे टेक्सासमधली ‘ए’ आणि दुसऱ्या राज्यातली ‘ए’ यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

टेक्सासचा हिशेब तीन विभागांचा आहे: संपादणूक, प्रगती आणि गटांमधील तफावत. तुमच्या मुलीसारख्या प्राथमिक शाळेतील मुलांच्या बाबतीत तिन्ही विभागांचा कच्चा माल प्रामुख्याने एकच, तो म्हणजे ‘स्टार’ नावाची राज्याची परीक्षा. ही परीक्षा तिसरीपासून सुरू होते. वाचन आणि गणित दरवर्षी असते, विज्ञान पाचवीत आणि आठवीत, समाजशास्त्र आठवीत.

संपादणुकीचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे शाळेचा दहावीचा निकाल म्हणजे उत्तीर्णांची टक्केवारी, म्हणजे एकच रेघ आणि तिच्या वर किती जण एवढेच. अमेरिकेतही २००२ नंतरची सुमारे बारा-तेरा वर्षे जवळपास हाच प्रकार होता आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. रेघेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर शिक्षकांचे सारे लक्ष केंद्रित झाले. फार मागे असलेल्यांवर मेहनत घेऊन टक्केवारी हलणार नव्हती आणि जे आधीच वर होते त्यांनी आणखी शिकून शाळेच्या आकड्यात काही भर पडणार नव्हती. टेक्सासने एका रेघेऐवजी तीन रेघा आखल्या. पहिली ‘अप्रोचेस’, म्हणजे अपेक्षित पातळीच्या जवळ. दुसरी ‘मीट्स’, म्हणजे इयत्तेच्या अपेक्षेइतके. तिसरी ‘मास्टर्स’, म्हणजे प्रावीण्य. पहिल्या रेघेच्या वर असलेल्यांची टक्केवारी, दुसरीच्या वरची आणि तिसरीच्या वरची, अशा तीन टक्केवाऱ्या काढून त्यांची सरासरी घेतात. तिसऱ्या रेघेच्या वर गेलेले मूल तिन्ही टक्केवाऱ्यांत मोजले जाते, हे ध्यानात घ्या. त्यामुळे हुशार मुलाला आणखी पुढे नेण्यातही शाळेचा फायदा असतो.

तुमच्या दोन शाळांचे खरे आकडे मी पाहिलेले नाहीत. समजावण्यासाठी काल्पनिक आकडे घेतो. पहिल्या शाळेत ८६ टक्के मुले पहिल्या रेघेच्या वर, ६० टक्के दुसरीच्या वर आणि ३१ टक्के तिसरीच्या वर आहेत असे धरू. बेरीज १७७, सरासरी ५९. दुसऱ्या शाळेत हेच आकडे ७०, ४२ आणि १७ धरले तर बेरीज १२९ आणि सरासरी ४३. हे झाले कच्चे गुण. ५९ म्हणजे नापास असे समजून अनेक पालक दचकतात, पण खाते या कच्च्या गुणांचे एका तक्त्यावरून शंभराच्या मापात रूपांतर करते आणि मगच ९० ते १०० ला ए, ८० ते ८९ ला बी, ७० ते ७९ ला सी, ६० ते ६९ ला डी आणि त्याखाली एफ अशी अक्षरे लागतात. समजा तक्त्यावरून पहिल्या शाळेला ८८ आणि दुसरीला ७४ मिळाले.

हा रूपांतराचा तक्ता दिसायला निरुपद्रवी असला तरी सगळ्या पद्धतीतली सर्वांत राजकीय वस्तू तीच आहे, असे माझे मत आहे. किती कच्च्या गुणांना ‘ए’ द्यायची हे निसर्गाने ठरवलेले नसते. ते खात्यातली माणसे ठरवतात. २०२३ मध्ये खात्याने अनेक मर्यादा एकदम बदलल्या. हायस्कूल पूर्ण केलेल्यांपैकी (इथे त्यांनाच पदवीधर म्हणतात) किती टक्के कॉलेज, नोकरी किंवा सैन्यदलासाठी तयार ठरले या निकषावर तोवर ६० टक्क्यांना ‘ए’ मिळत होती, ती मर्यादा ८८ वर नेली. शिवाय हा निकष आदल्या वर्षीच्या पदवीधरांवरून मोजला जातो, म्हणजे जी मुले आधीच शाळा संपवून बाहेर पडली होती त्यांच्यावर नवा नियम लावला गेला. शंभराहून अधिक डिस्ट्रिक्ट न्यायालयात गेले आणि २०२३ च्या श्रेणी जाहीर व्हायला एप्रिल २०२५ उजाडला. २०२४ च्या श्रेणीही अशाच अडकल्या आणि शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये २०२५ च्या श्रेणींबरोबर एकदमच बाहेर आल्या. त्यामुळे एखादी शाळा २०२२ मध्ये ए आणि २०२३ मध्ये बी दिसली, तर ती घसरली असे लगेच म्हणू नका. शाळा तिथेच राहून मोजपट्टी सरकली असण्याची शक्यता पुष्कळ असते.

आता प्रगतीचा विभाग. याचे दोन भाग आहेत आणि त्यांतला जो जास्त तो धरतात. पहिल्या भागात प्रत्येक मुलाचा मागील वर्षीचा निकाल आणि या वर्षीचा निकाल शेजारी ठेवतात. वरच्या तीन रेघांमुळे चार पातळ्या होतात. त्यांपैकी खालच्या दोन पातळ्यांचे, म्हणजे पहिल्या रेघेखालच्या आणि पहिल्या-दुसऱ्या रेघेमधल्या, आणखी दोन-दोन तुकडे पाडले आहेत, त्यामुळे एकूण सहा पायऱ्या होतात. मूल पायरी वर चढले तर शाळेला त्याच्याबद्दल एक गुण, बहुतेक खालच्या पायऱ्यांवर जागच्या जागी राहिले तर अर्धा, खाली घसरले तर शून्य. वरच्या दोन पायऱ्यांवर मूल टिकून राहिले तरी पूर्ण गुण मिळतो, कारण आणखी चढायला तिथे फारशी जागा नसते. ज्या मुलाने गेल्या वर्षी पहिली रेघही ओलांडली नव्हती आणि यंदा ओलांडली, त्याच्याबद्दल थोडे जादा गुण आहेत. दुसऱ्या भागात शाळेची संपादणूक तेवढ्याच प्रमाणात गरीब मुले असलेल्या इतर शाळांशी ताडून पाहतात. गरिबी मोजण्याचे माप म्हणजे प्रामुख्याने मोफत किंवा सवलतीच्या दरातील दुपारच्या जेवणास पात्र असलेल्या मुलांचे प्रमाण. सधन वस्तीतल्या शाळेची तुलना सधन वस्तीतल्याच शाळांशी होते, आणि तिथे कित्येक नावाजलेल्या शाळा मध्यम निघतात.

तिसऱ्या विभागात शाळेतील निरनिराळे गट सुटे करून पाहतात. सर्व विद्यार्थी, मागील वर्षी सर्वांत मागे राहिलेले दोन वांशिक गट, आणि एक एकत्रित गट ज्यात गरीब, इंग्रजी शिकत असलेली, विशेष शिक्षण घेणारी आणि वारंवार शाळा बदलावी लागणारी मुले येतात. प्रत्येक गटाने ठरलेले लक्ष्य गाठले का, आणि नसेल तर निदान वाढ दाखवली का, यावर शून्य ते चार गुण मिळतात. मराठी कुटुंबांचा या विभागाशी अगदी थेट संबंध येतो. प्रवेशाच्या वेळी घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेविषयी एक फॉर्म भरावा लागतो. तिथे ‘मराठी’ लिहिले की मुलीची इंग्रजीची चाचणी होते आणि ती ठरावीक पातळीच्या खाली निघाली तर तिला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात घालतात. पुष्कळ पालक या भीतीने घरची भाषा इंग्रजी असे लिहून मोकळे होतात. ते अनावश्यक आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली पुण्याची मुलगी ही चाचणी बहुधा सहज पार करते. समजा नाही केली, तर तिला जादा मदत मिळते, आणि अशा मुलांचा अमेरिकी शाळेतील पहिल्या वर्षाचा ‘स्टार’ निकाल शाळेच्या हिशेबात धरला जात नाही.

आता बेरीज, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे. संपादणूक आणि प्रगती या दोन विभागांपैकी ज्यात गुण जास्त तो एकच विभाग घेतात आणि त्याला ७० टक्के वजन देतात. गटांच्या तफावतीला ३० टक्के. जो विभाग कमी पडला तो बेरजेतून चक्क गळतो.

पहिल्या शाळेची संपादणूक ८८ धरली होती. तिची प्रगती समजा ७२ आणि गटांचा विभाग ७३. मोठा आकडा ८८, त्याचे ७० टक्के ६१.६, ७३ चे ३० टक्के २१.९, बेरीज ८३.५, म्हणजे पूर्णांकात ८४ आणि श्रेणी बी. दुसऱ्या शाळेची संपादणूक ७४, पण प्रगती ९३ आणि गटांचा विभाग ८८ असेल तर ९३ चे ७० टक्के ६५.१, ८८ चे ३० टक्के २६.४, बेरीज ९१.५, म्हणजे ९२ आणि श्रेणी ए. पहिल्या शाळेत मुले वरच्या पातळीवर आहेत, पण वर्षभरात ती फारशी सरकत नाहीत. दुसरीत मुले खालून येतात आणि भराभर चढतात. पहिल्या शाळेची ७२ ची प्रगती अक्षरात कुठेही दिसत नाही, तशी दुसऱ्या शाळेची ७४ ची संपादणूकही दिसत नाही.

‘दोहोंतील जास्त ते घ्या’ हा नियम करण्यामागचा हेतू मला पटतो. गरीब वस्तीतल्या शाळेला तिच्या मुलांच्या घरच्या परिस्थितीची शिक्षा होऊ नये, म्हणून तिला प्रगतीच्या जोरावर वर येण्याची वाट ठेवली. पण त्याच वाटेने सधन वस्तीतल्या शाळेला आपली मंद प्रगती झाकण्याचीही सोय झाली, आणि ती झाकली जाते हे आमच्यासारख्या आकडे चाळणाऱ्यांखेरीज फारसे कोणाला माहीत नसते. यावर एक लगाम आहे: संपादणूक, प्रगतीचे दोन भाग आणि गटांचा विभाग या चारांपैकी तीन ठिकाणी ७० पेक्षा कमी गुण असतील तर एकूण गुण ६९ च्या वर जाऊ देत नाहीत. पण ७० ते ८० च्या पट्ट्यातल्या मंद शाळेला हा लगाम लागत नाही.

दहापैकी गुण देणारी संस्था वेगळी. बहुतेक घरांच्या संकेतस्थळांवर जो आकडा दिसतो तो ‘ग्रेटस्कूल्स’ या ना-नफा संस्थेकडून घेतलेला असतो. तिच्या परीक्षा-गुणांकनात राज्यातील सर्व शाळा एका ओळीत उभ्या करून तिचे दहा भाग करतात, त्यामुळे एक शाळा वर जायची तर दुसरी खाली यावीच लागते. खात्याच्या पद्धतीत मर्यादा आधी ठरलेली असते आणि तत्त्वतः सर्व शाळांना ‘ए’ मिळू शकते. ही संस्थाही राज्याकडून मिळणाऱ्या माहितीनुसार प्रगतीसारखे इतर निकष मिसळते आणि २०२० पासून त्यांना पूर्वीपेक्षा अधिक वजन देते, हे मान्य केले पाहिजे. पण प्रगती मंद असली म्हणून संपादणूक गळून पडते किंवा उलटे होते, असा प्रकार तिथे नाही. तिथे सरासरी लागते. म्हणून तुमची पहिली शाळा तिथे ८ वर आणि दुसरी ५ वर राहिली असावी.

संपादणुकीच्या आकड्याबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगतो. तो आकडा शाळेपेक्षा शाळेच्या परिसराविषयी अधिक बोलतो. आईवडील दोघे अभियंते असलेली मुले ज्या शाळेत भरली आहेत, ती शाळा काही विशेष न करताही उंच दिसेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातील तिसरी ते आठवीच्या निकालांचा अभ्यास करून दाखवले की सरासरी गुणांचा कुटुंबांच्या उत्पन्नाशी दाट संबंध आहे, पण मुले दरवर्षी किती पुढे सरकतात याचा त्या उत्पन्नाशी संबंध फारच क्षीण आहे. शिकागोचे सार्वजनिक शाळांचे डिस्ट्रिक्ट सरासरी गुणांत मागे होते, तरी तिथली मुले तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांचे शिक्षण पदरात पाडून घेत होती. घरांच्या किमती मात्र सरासरी गुणांच्या मागे धावतात, कारण खरेदीदाराला दिसतो तो तोच आकडा.

कोणाला मोजतात हे कसे मोजतात याइतकेच महत्त्वाचे आहे. ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शुक्रवारी शाळेच्या पटावर असलेली मुलेच त्या वर्षीच्या हिशेबात धरली जातात. तुम्ही जानेवारीत आलात तर तुमची मुलगी एप्रिल-मेमध्ये परीक्षा देईल, पण तिचा निकाल त्या वर्षी शाळेच्या श्रेणीत येणार नाही. काही उपनगरांत बालवर्गापासून दुसरीपर्यंतच्या वेगळ्या शाळा असतात. तिथे ‘स्टार’ परीक्षाच होत नाही, म्हणून त्यांना ज्या पुढच्या शाळेशी जोडलेले असते तिचीच श्रेणी चिकटवली जाते. म्हणजे धाकट्या भावंडासाठी तुम्ही ज्या शाळेची ‘ए’ पाहून खूश व्हाल, ती अक्षरशः दुसऱ्या शाळेची असू शकते. आणि मोजणीतून मुले वगळण्याचा मोह केवढा असतो याचे उदाहरण याच राज्यात आहे. एल पासो येथे काही वर्षांपूर्वी दहावीच्या निकालावर शाळांचे भवितव्य ठरत असे. तिथे कच्च्या विद्यार्थ्यांना, बऱ्याचदा मेक्सिकोतून आलेल्या मुलांना, नववीतच अडकवून किंवा थेट अकरावीत ढकलून दहावीच्या परीक्षेपासून दूर ठेवले गेले. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला २०१२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेव्हापासून नियम बरेच कडक झाले आहेत.

हायस्कूलचा हिशेब तुम्हाला काही वर्षांनी लागेल, म्हणून ओझरता सांगतो. तिथे संपादणुकीच्या विभागात ‘स्टार’ला ४० टक्के, कॉलेज-नोकरी-सैन्यदलाच्या तयारीला ४० टक्के आणि हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणाला २० टक्के वजन आहे. परीक्षाही आठवीनंतर इयत्तेच्या न राहता विषयाच्या होतात: पहिले बीजगणित, इंग्रजीचे दोन टप्पे, जीवशास्त्र आणि अमेरिकेचा इतिहास.

तुम्ही काय करावे असे विचाराल तर, अक्षर बाजूला ठेवा आणि टीएक्सस्कूल्स या खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही शाळांचे तिन्ही विभागांचे सुटे गुण काढा. प्रगतीच्या पहिल्या भागाचा आकडा, म्हणजे मुलांची मागील वर्षाशी तुलना, तो सर्वांत आधी वाचा. मग तोच आकडा आदल्या वर्षीचाही पाहा. लहान शाळेत एका इयत्तेत साठ-सत्तर मुले असली तर दोन-चार गुणांची चढउतार निव्वळ योगायोगानेही होते. त्यानंतर दरवर्षी प्रसिद्ध होणारा शैक्षणिक कामगिरीचा अहवाल उघडा, ज्याला इकडे सगळे ‘टॅपर’ म्हणतात. त्यात प्रत्येक शाळेतील शिक्षकांचा सरासरी अनुभव, इयत्तावार वर्गातील मुलांची संख्या आणि वर्षाच्या मध्येच शाळा बदलणाऱ्या मुलांचे प्रमाण मिळते. यांपैकी एकही गोष्ट श्रेणीच्या बेरजेत नाही, आणि चौथीच्या मुलीच्या रोजच्या दिवसाशी यांचाच संबंध अधिक आहे. तुमची मुलगी आधीच वरच्या पातळीवर असेल, तर दुसऱ्या शाळेत तिसऱ्या रेघेच्या वरच्या मुलांसाठी वेगळे काय चालते हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. भराभर चढणाऱ्या शाळेचे लक्ष खालच्या मुलांवर असण्याची शक्यता असते, आणि प्रगतीच्या आकड्यात वरच्या पायरीवर नुसते टिकून राहिलेल्या मुलाचाही पूर्ण गुण मिळतो, हे वर सांगितलेच आहे.

ही परीक्षा स्वतःच बदलते आहे. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ‘स्टार’ बंद करून २०२७-२८ पासून वर्षातून तीन छोट्या परीक्षा घेण्याचे ठरवले आहे. तुमची मुलगी तेव्हाही शाळेतच असेल आणि रूपांतराचा तक्ता पुन्हा नव्याने आखला जाईल, तेव्हा आजच्या अक्षरावर दहा वर्षांचे गृहकर्ज ठरवू नका. शिवाय या उपनगरांत लोकवस्ती इतक्या वेगाने वाढते की शाळांच्या हद्दी वारंवार बदलतात, आणि एखादा वर्ग भरला की नवीन मुलाला त्याच डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. घराच्या जाहिरातीत लिहिलेले शाळेचे नाव कधीकधी जुन्या हद्दीवरून घेतलेले असते. करारावर सही करण्यापूर्वी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घराचा पूर्ण पत्ता टाकून हद्द तपासा, आणि शाळेच्या कार्यालयात फोन करून चौथीच्या वर्गात या वर्षी जागा आहे का, एवढे विचारून घ्या.